आमच्याकडची भरती

कोकणात जायचं ठरलेलं, तीन वर्षं.
तीन वर्षं शहनाजची रजा आणि माझं झेरॉक्सचं दुकान
एकमेकांना चुकवत राहिले.
शेवटी वैशाखात, कुणीच कुठं जात नाही अशा दिवसांत,
ती म्हणाली, "चल, आपलाच किनारा बघू."
अंबडहून स्कूटी काढली
पैठणकडं.

नाथसागर. नावात तरी सागर आहे.

धरणाखालच्या बागेला कुलूप.
कारंज्याच्या नळ्यांवर कावळे,
भेळेच्या गाड्या ताडपत्री पांघरून रांगेत,
आणि फेऱ्या मारणारा घोडा लिंबाखाली
उभ्याउभ्या सुट्टीवर.
लॉजच्या पोऱ्यानं आम्हा दोघींकडं बघितलं,
मग रजिस्टरकडं, मग पुन्हा आमच्याकडं.
"पाण्याकडची खोली दे," शहनाज म्हणाली.
"पाणी मागं गेलंय ताई.
खोली तिथंच हाय."

सकाळी कडेकडेनं निघालो.
रस्ता कधी पाण्याला खेटून,
कधी गाळपेऱ्याच्या टरबुजांतून.
रोहित पक्षी केव्हाच उडालेले,
वनखात्याच्या पाटीवर तेवढे दोन उरलेले,
उन्हानं पांढरे पडलेले.
गावांच्या नावांआधी 'नवे'.
नव्या गावातल्या म्हाताऱ्याला वाट विचारली
की बोट आधी पाण्याकडं जातं,
मग रस्त्याकडं.

इंदर भोई होडी पालथी घालून
तिच्या पाठीला डांबर लावत होता.
डांबराच्याच हातानं चहा दिला.
मी विचारलं, इथं भरती येते का हो?
तो हसला नाही.
"समुद्राची भरती चंद्रावर.
आमची नाशकावर.
तिकडं सोडलं, की इकडं येती."

दुपारी एक डांबरी रस्ता लागला,
फोनमधल्या नकाशाला माहीत नसलेला.
दोन्हीकडं वाळलेल्या चिखलाची टवकं, शिंपले,
कुणाच्या तरी जात्याची वरची तळी,
आणि मैलाचा दगड, अजून सरळ.
गावाचं नाव शेवाळानं खाल्लेलं,
खालचा आकडा शाबूत : २.
रस्ता उतरत गेला
आणि कसलंही वळण न घेता
पाण्यात शिरला.
शहनाजनं ब्रेक दाबला तेव्हा
पुढचं चाक अर्धं ओलं होतं.

लाटा होत्या. खरंच.
बोटभर उंचीच्या, पण येत होत्या,
एकीला संपू न देता दुसरी.
तिनं ओंजळ भरली, जिभेला लावली,
"गोड आहे," म्हणाली,
तक्रार केल्यासारखी.
"दोनच किलोमीटर," मी म्हटलं.

तशाच बसून राहिलो, गाडीवर,
तोंड गावाकडं करून.

मागून म्हशी आल्या.
आम्हाला वळसा घालून पुन्हा डांबरावर लागल्या,
रस्ता न सोडता पुढं निघाल्या :
गुडघे, पोट, गळा,
मग नुसती शिंगं.
त्यांच्यामागून पोरगं, हातात फोक.
"स्कूटी कडंला घ्या की, मावशी,
रस्ता चालू हाय."