पाच मार्क

वडापच्या टपावरून गाणं येतं, खानापूर स्टँडला:
नुसतं बा, बा, बा, अन् वर ढोल.
मी फळ्यावर तसंच लिहिलं.

"अनुप्रास," कलाप्पा म्हणाला.
"आणि कन्नडात बा म्हणजे ये.
ती त्याला बोलवायलीय, सर."
बरोबर. विप्रलंभ शृंगार.
पाच मार्कांचं उत्तर झालं.

खडू खाली ठेवणार तोच
शेवटच्या बाकावरची तनुजा घाडी,
जिचा बाप गोव्यात सेंट्रिंगला,
औंदा गणपतीलाही फिरकला नाही:
"मराठीत पण बा आहे की ओ, सर."

श्लेष, एवढंच म्हणायचं होतं मला.
खिडकीशी गेलो.
गाडी सुटली होती जांबोटीकडं,
गाणं अजून वळणावरच होतं,
बोलवत.