हस्तकला, इतर

दिवसभर मी दात करते.
नेरुळला, सेक्टर दहात, अर्ध्या शटरच्या लॅबमध्ये
कुरियरनं येतात जबड्यांचे ठसे,
सोबत चिठ्ठी: वरची डावी दाढ, शेड ए-थ्री, गुरुवारी हवी.
चेहरा कुणाचाच पाहिलेला नाही.
पण करंजाड्याचा कुणी एक झोपेत दात खातो,
हे मला त्याच्या बायकोइतकंच ठाऊक आहे.

रात्री मी पाणबुडी करते.

एकास बहात्तर. म्हणजे माणूस
करंगळीच्या पेराएवढा.
तुर्भ्याहून आणलेला पीव्हीसीचा पाइप,
नाकाकडे तापवून, घासून गोल केलेला;
पेरिस्कोप इंजेक्शनच्या सुईचा;
पंख्याची सात पाती पितळेच्या पत्र्यातून,
त्यातलं पाचवं तीनदा चुकलं.
सांध्यावर पुटी, पुटीवर आठशेचा कागद,
नळाची धार बारीक सोडून, डोळे मिटून घासायचं.
केसाएवढा उंचवटा जिभेला डोंगर वाटतो,
हे दातांनी शिकवलंय.

आई विचारते, कुणी सांगितलंय हे?
कुणी नाही.
आमच्यात नौदलात कुणी नव्हतं. मला पोहताही येत नाही.
एवढंच, की ती सगळीकडून बंद असते,
आणि आतलं न बघता बाहेरून नीट करायची
मला सवय आहे.

छंद प्रदर्शनात जागा मिळाली
बोन्साय आणि काड्यापेट्यांच्या संग्रहामध्ये.
मांडायची कशी?
पाण्यात ठेवली तर निम्मी लपते.
उंचावर ठेवली तर पूर्ण दिसते,
जशी समुद्रात ती कुणालाच दिसत नाही.
शेवटी फर्नांडिसांचा फिशटँक मागून आणला, कोरडा;
खाली दोन जुने प्लास्टरचे जबडे उताणे ठेवले,
त्यांच्या दातांवर ती टेकली.

एक मुलगा म्हणाला, ही बुडते का?
बुडत नाही, बुडी मारते.
फरक काय?
वर येण्याचा.
त्यानं मान डोलावली आणि विचारलं, मग बॅटरी कुठाय?

दुपारी करावे गावचे तांडेल आले.
सत्तरी ओलांडलेली, हातात भाजीची पिशवी.
काचेला नाक लावून बराच वेळ वाकले.
मग म्हणाले, बाय, लय साफ केलीस गो.
अशी ती गोदीतसुद्धा नसते.
दोन महिन्यांनी वर यायची तेव्हा
अंगावर चट्टे, शेवाळ, रबराचे तुकडे गळालेले,
लूत भरलेल्या कुत्र्यागत.
माझे कपडे बायको उंबऱ्याबाहेर उतरवायला लावायची.
डिझेल गो. केसात, कानात, भातात डिझेल.

मग बोट काचेवर टेकवलं, नाकापासून चार इंचांवर.
इथं झोपायचो. वर टॉर्पेडो, खाली टॉर्पेडो.
पाळी बदलली की
दुसऱ्याच्या अंगानं गरम झालेल्या गादीवर.

तिथं आत माझी नुसती पुटी होती.
ते मी सांगितलं नाही.
त्यांनी बोट उचललं तेव्हा पिशवीतली मेथी
जवळजवळ कोमेजली होती.

लाज वाटली ती दुसऱ्याच गोष्टीची.
खोटा दात ओळखू येतो
तो वाईट केल्यामुळे नाही, फार पांढरा केल्यामुळे,
हे मी लॅबमधल्या नव्या पोरांना रोज सांगते.
चहा, तंबाखू, वय
हे वरून भरावं लागतं, शून्य नंबरच्या ब्रशनं,
आणि भरलंय हे कळता कामा नये.

बक्षीस बोन्सायला गेलं.
मला प्रमाणपत्र: विभाग, हस्तकला, इतर.

आज रविवार. शटर गुडघ्यापर्यंत खाली.
तपकिरी आहे, राखाडी आहे,
हिरवा दातांच्या पेटीत नसतो,
तो जुन्या समईचा कळक खरवडून तेलात खलला.
तीन महिने जे गुळगुळीत केलं
त्यावर आता गंज चढवते आहे, चट्ट्याशेजारी चट्टा.
फिशटँक अजून परत दिलेला नाही.
काचेवर एका बोटाचा ठसा आहे,
फडकं तेवढ्यापुरतं वळसा घालून जातं.

गुरुवारची दाढ तशीच पडली आहे.