शेवाळाचं पाणी

मे महिना. लश्करात लू सुटली की
दहानंतर गल्लीतलं कुत्रंसुद्धा
सावली मोजून पाय टाकतं.
माझ्या गच्चीवर चार पेट्या,
मुरैन्याच्या मोहरीतून फेब्रुवारीअखेर परत आणलेल्या,
वर ओलं गोणपाट.

तोमरभाभी जिन्यातूनच ओरडतात,
‘दीदी, आपकी मक्खियाँ फिर हमारे कूलर में!’

जाऊन पाहते. खरंच.
वाळ्याच्या ताटीवर रांगेनं बसल्यात,
पोटं आत-बाहेर, आत-बाहेर.
सगळ्या म्हाताऱ्या. पंखांच्या कडा झिजलेल्या.
झाडलोट झाली, पिल्लांना भरवून झालं,
मेण गाळलं, दारावर पहारा दिला,
आता शेवटच्या आठवड्यात ही पाणक्याची नोकरी:
इथून घोट भरायचा,
घरी पोळ्याच्या काठाकाठानं थेंब मांडायचे
आणि उरलेल्यांनी त्यावर वारा घालायचा.
आत मेण मऊ पडू नये म्हणून.

मी मातीचा परळ ठेवलाय त्यांच्यासाठी,
रोज घासलेला,
बुडू नयेत म्हणून आत गोटे,
वर नळाचं ताजं पाणी.
ढुंकून बघत नाहीत.
त्यांना कूलरच्या तळचंच हवं,
शेवाळलेलं, गंजाचं, गेल्या वर्षीचा वास सुटलेलं.
तीस वर्षं ए. जी. ऑफिसात
मी लोकांची बिलं परत पाठवली.
आता माझा परळ परत येतो.

भाभींच्या उत्कर्षला एक डसली.
कानाची पाळी पुरीसारखी टम्म.
मी नख आडवं धरून काटा खरवडला
आणि उगाच बोलून गेले, ती मेली असेल आता.
‘मेरी वजह से?’
मी चुना शोधायला आत गेले.

त्याच रात्री ट्रान्सफॉर्मर उडाला.
एकेक करत सगळे कूलर गप्प झाले.
इतकं गप्प, की किल्ल्याच्या उतारावरचं
कुणाचं तरी खोकणं ऐकू यावं.
भाभी चटई घेऊन गच्चीवर आल्या,
पेट्यांपासून दहा हात लांब बसल्या,
पदरानं वारा घेत.
पेट्यांच्या दाराबाहेर माश्यांचे घोस लोंबत होते,
आतल्या गर्दीला जरा जागा म्हणून.

उत्कर्ष सरकत सरकत गेला,
आईचं लक्ष नाही असं पाहून
सुजलेला कान सोडून दुसरा
मागच्या फळीला लावला.
‘आंटी, इनकी लाइट आ रही है?’

मी टॉर्चला लाल कागद बांधून दाखवलं:
दारात ओळ, तोंडं घराकडे,
पाय फळीत रोवलेले,
आणि पंख इतके जोरात की दिसतच नाहीत.
भाभींनी हात पुढे केला, लांबूनच.
‘गरम हवा फेंक रही हैं,’ म्हणाल्या,
आणि थोडं जवळ सरकल्या.

लाइट पहाटे चारला आली. कुणी उठलं नाही.

सकाळी माझ्या परळात
वाळ्याचा काळपट तुकडा तरंगत होता,
कूलरमधून ओढून काढलेला,
त्याच घाणेरड्या पाण्यासकट.
विचारलं तर भाभी म्हणतात, मला काय ठाऊक.
फेब्रुवारीत दिलेली माझी मधाची बाटली
त्यांच्या फडताळात अजून तशीच आहे.
मोहरीचा मध, तुपासारखा थिजतो,
त्यांच्या मते मी साखर मिसळली.

दुपारी मोजल्या.
परळावर अकरा, बाकी सगळ्या कूलरवर.
जुन्या सवयीनं शेरा मारला:
अंशतः मंजूर.