हो

कुताइसीत, रिओनी नदीच्या काठी,
होकाराला 'हो'च म्हणतात, आपल्यासारखं.
त्सियालाकडे या एका अक्षराचे किती प्रकार होते
तिनं कधी मोजले नाहीत:
दार आपटणारा,
अक्रोड फोडताना दातांतून निसटणारा,
आणि एक, ज्याच्या पोटात
'जा, आणि परत येऊच नकोस' एवढं सगळं मावायचं.
वार्लामला ते कळत. तवा तापलाय
हे हात न लावता कळावं, तसे.

फेब्रुवारीत त्याच्या मेंदूत, उजवीकडे,
एक रक्तवाहिनी तुंबली.
शब्द वाचले. ते डावीकडे होते.
डॉक्टरीण म्हणाली, ऐकू येतं, अर्थ लागतो,
फक्त आवाजातला माणूस दिसत नाही त्यांना.

काल त्यानं मिठाची बरणी सांडली.
"वा! छान केलंस," ती म्हणाली.
"आभारी आहे,"
तो मनापासून म्हणाला.

चाळीस वर्षांत पहिल्यांदा
तिचा टोमणा
भिंतीला न लागता खाली पडला.
ती मुठीमुठीनं मीठ भरत राहिली.
मग खुर्ची ओढून समोर बसली
आणि पहिलीतल्या पोरीनं धडा वाचावा
तसं एकेक शब्दावर बोट ठेवत म्हणाली:
मी चिडले आहे.
मिठासाठी नाही.
फेब्रुवारीत तू मला टाकून
जाणार होतास, म्हणून.

तो बराच वेळ तिच्या ओठांकडे बघत राहिला.
"हो," म्हणाला.
इस्त्री केल्यासारखा सपाट.

कुठला हो,
ते आता तिलाही ओळखता येईना.