तीनशे मीटर

कोपरच्या बंदरात माझं काम एवढंच:
आवारातून नवी गाडी काढायची,
जहाजाच्या पोटात न्यायची,
आरशाला आरसा लागता लागता थांबवायची.
तीनशे मीटर. मग व्हॅनमधून परत.
दिवसाला साठ-सत्तर गाड्या,
एकीचाही हॉर्न कसा वाजतो ते मला ठाऊक नाही.

काचेवर चिठ्ठी असते, कुठे जायचं त्याची.
एक लिटर इंजिनाची चिमुकली गाडी असली
की मी न वाचताच म्हणते, पालेर्मो.
नणंदेच्या लग्नाला गेले होते तिथे.
गल्ल्या गाढवाच्या मापाने बांधलेल्या;
गाढव गेलं, माप राहिलं.
शेजारचे कालोजेरो अर्धी गाडी पायरीवर चढवून
पोट आत ओढत दारातून बाहेर आले,
आणि पेट्रोलची पावती दिव्याखाली धरून
दोनदा वाचली, पत्र वाचावं तशी.

अमेरिकेची चिठ्ठी अशा गाडीवर क्वचित.
मला वाटायचं, श्रीमंत माणसं, दुसरं काय.
माझा मावसभाऊ स्टाने नेब्रास्कात असतो,
फोनवर हसला: श्रीमंत कसला,
सात वर्षांचे हप्ते आहेत डोक्यावर.
पण इथे दुधाला जायचं तर अकरा मैल, नेवेंका,
अंथरूणच एवढं लांब
की पाय आखडून झोपलं तर लोक विचारतात, बरं नाही का?
घेतली होती मी एक लहान.
सिग्नलला उभा राहिलो की डोळ्यांसमोर शेजाऱ्याचं चाक.
वर्षात विकली. बायको घाबरायची.
मग जरा थांबून म्हणाला,
मीच घाबरायचो.

तोयोहिको, मागच्या जहाजावरचा,
त्याच्या गावात म्हणे मोठी गाडी घ्यायची
तर ठेवायला जागा आहे हे पोलिसांना दाखवावं लागतं;
लहानीला कुणी काही विचारत नाही.
सांगताना असा खूश,
जणू कायद्याच्या फटीतून तो स्वतःच निसटला होता.

माझी विचाराल तर खटारा व्हॅन आहे, तेल पिणारी.
नवऱ्याच्या मधमाश्यांच्या चौदा पेट्या
लिंडेन फुलला की डोंगरावर न्यायच्या असत.
आता ना पेट्या, ना नवरा.
ऊन तापलं की मागून मेणाचा वास येतो,
आणि मी पंपावर आकडे न बघता पैसे देते.

आज एक निळी आली, सगळ्यांत लहान,
काचेवर चिठ्ठी अमेरिकेची.
नेली. लावली. उतरताना
सीट शेवटपर्यंत मागे सरकवून ठेवली.
कुणाचे गुडघे असतील, काय सांगावं.