रकाना अकरा

कोरे मॅडम आल्या तेव्हा साडेअकरा वाजले होते,
पत्र्यावर भाकरी टाकली तर फुगेल असं ऊन.
फाईल छातीशी धरून म्हणाल्या,
"आधी तांब्याभर पाणी द्या की ओ."
पाणी पिऊन झाल्यावर पेनाचं टोपण काढलं.

"घरात सहा ते चौदा वयाचं कोण?"
एक. सिरीषा. नववं सरलंय.
"शाळा?"
मी टॉवेलची किनार मशीनखाली सरकवली,
सुई थांबवली नाही.
"होती. दिवाळीपासून नाही."

रकाना अकरामध्ये त्यांनी
हळूच, कुणी आजारी असल्यासारखं, लिहिलं
शाळाबाह्य.

दुसरीतली गोष्ट कशी सांगू त्यांना?
घरी ओकटी, रेंडू, मूडू,
वर्गात एक, दोन, तीन.
एकदा तोंडातून मूडू निसटलं
आणि सगळा वर्ग हसला, बाईपण हसल्या.
वाईट नव्हत्या बाई. साठ पोरं होती त्यांना,
आणि खिचडीचा हिशेबही त्यांच्याच गळ्यात.
पण त्या दिवसापासून पोरीनं आकडे
दप्तरात कोंबून घरी आणले
ते बाहेर काढेचना.

मग ती बापाजवळ बसू लागली.
तो जकार्डचे पुठ्ठे पाडतो, चादरींसाठी.
भोक असेल तिथं धागा वर,
नसेल तिथं खाली.
एवढंच व्याकरण, आणि त्यातनं मोर उभा राहतो.
संक्रांतीच्या आसपास म्हणाली,
"नाना, मानेत एक भोक जास्तीचं झालंय."
झालं होतं.
तो पुठ्ठा लागला असता
तर शंभर चादरींवर मान मुरगळलेला मोर
बाजारात गेला असता.

गुरुवारी सायकलवर कंबर तलाव.
टिबुकली बुडी मारते ती कुठं वर येईल
हे सांगायला तिला अजून जमत नाही.
बुडीत किती मोजले ते मात्र वहीत लिहिते,
कधी मराठीत, कधी तेलुगूत,
एकदा सतरापर्यंत, पुढे अक्षर भिजलेलं.

यातलं थोडं मी बोलले, थोडं राहिलं.
"आमची पोर, आमचं घर," असंही म्हणाले बहुतेक,
जरा मोठ्यानंच.

तेव्हा उंबऱ्यापाशी विड्या वळत बसलेली
नरसम्मा आत्या, कात्री न थांबवता म्हणाली,
"मला पण घरानंच ठेवलं होतं घरी.
आमची पोर, आमचं घर.
रकाना भरायला कुणी आलं नाही तेव्हा.
रोज हजार विड्या मोजते मी.
नाव लिहायला सांगितलं की अंगठा पुढं करते."

माझी सुई थांबली.

शाळेला फाटक असतं, ते दिसतं तरी.
घराच्या फाटकाला आपण माया म्हणतो.

कोरे मॅडम काही बोलल्या नाहीत.
त्यांची स्वतःची लेक सकाळी सातला निघते,
रात्री आठला येते, क्लास करून,
जेवता जेवता झोपते. हे त्यांनीच सांगितलं,
का सांगितलं कुणास ठाऊक.
मग खाली वाकून विचारलं,
"तुला काय वाटतं ग, सिरीषा? यायचं का शाळेत?"

इतक्या महिन्यांत
हे मी विचारलं नव्हतं. बापानंही नाही.
दोघांनी मिळून तिला मोकळं केलं होतं,
तिला न विचारता.

पुठ्ठा डोळ्याला लावून
एका भोकातून तिनं मॅडमकडे पाहिलं बराच वेळ.
"तिथं तेलुगूत मोजलं तर चालेल?"
मॅडम म्हणाल्या, "माझ्या वर्गात चालेल.
बाकीचं मला माहीत नाही."
"मग सांगते. सोमवारी."
"सोमवारी सुट्टी आहे."
"मग मंगळवारी."

मॅडमनी पर्समधून खोडरबर काढला.
पेनाची शाई काही निघाली नाही, कागद तेवढा खरवडला.
शेवटी बाजूला पेन्सिलीनं लिहिलं, मंगळवार.
ओढणी तोंडाला गुंडाळून गाडी सुरू केली,
विडी घरकुलच्या रस्त्याला लागल्या.

मला अजून कळलेलं नाही
मंगळवारी मी काय ऐकायची वाट बघतेय.

आत्या बंडल बांधत होती, पंचविसाचं.
ओकटी, रेंडू, मूडू.
कुणी हसलं नाही.