फर्मा पोळ्यात जात नाही

नऊ कॉम्प्युटर, त्यातले चार चालू,
आणि साडेअकराला लाइट गेली.
मग सातवीच्या पोट्ट्यांना घेऊन मी घरी आले,
शाळेच्या मागं तिसरं घर, बाबांचं सुतारकामाचं दुकान,
जिथं श्रावण सरत आला की
भुशात चपला हरवतात.

तान्ह्या पोळ्याला सहा दिवस.
बाबा रंध्यावर, मान खालीच.
"काहून मास्तरीण, शाळा बुडवली का?"

भिंतीवर खिळ्याला पत्र्याचा फर्मा,
तेलाचा पिपा कापून केलेला,
वशिंड, मान, शेपटीची खाच,
कडेनं किती वर्षांची पेन्सिल.
हा क्लास, मी म्हटलं.
"आपला सातवीचा?" आरुषनं विचारलं.
सगळे हसले, मीही.
नाही रे, बैलाचा.
याला रंग असेल असं ठरलंय,
कोणता ते ठरलेलं नाही.
याला चाकं लागतील, पण हा चालत नाही.
दोर बांधून ओढून बघा,
नुसता खडखडेल.

बाबांनी आडजातीच्या फळीवर फर्मा ठेवला,
पेन्सिल फिरवली, करवत घातली.
भुसा खाली बसला तेव्हा तिथं एक बैल होता
जो मघाशी नव्हता.
हा ऑब्जेक्ट.
होण्याच्या त्या घडीला कन्स्ट्रक्टर म्हणतात,
पण तुम्ही सध्या करवतीचा आवाज लक्षात ठेवा.

खुशालीचा जांभळा, नाव रॉकेट.
लोमेशचा अजून कोरा,
बोजारा मिळाला की रंग आणीन म्हणतो.
चालेल.
खण आहे, फक्त भरलेला नाही.
आणि "चाल" म्हटलं की दोन्ही चालतात,
एकाच फर्म्यानं शिकवलेली चाल,
फक्त रॉकेटचं एक चाक वाकडं,
तो चालतो आणि नालीत जातो.

नेवारेंच्या घरचं भांडण मात्र वेगळं.
ओजस्वी म्हणते, माझा बैल तुफान.
निर्भय म्हणतो, माझा बैल भुऱ्या.
काल तिनं तुफानची शिंगं हिरवी केली,
आणि रात्री यानं पाहिलं तर
भुऱ्याचीही हिरवी!
रडून रडून जेवला नाही.
बाबा म्हणाले, "मी तं एकाचेच पैसे घेतले, लेका."
दोन नावं म्हणजे दोन बैल नव्हेत.
हे मला कॉलेजात कळायला
एक अख्खं सेमिस्टर लागलं होतं.

गेल्या साली बाबांनी फर्म्याचं वशिंड वाढवलं.
त्यानंतरचे सगळे बैल रुबाबदार.
आधीचे, गावभर कोनाड्यांत,
अजून तसेच बसक्या पाठीचे.
कॉम्प्युटरात कधीकधी याहून वेगळं होतं,
पण ते दिवाळीनंतर.

मग चेतना बोलली, जी वर्गात बोलत नाही.
"मॅडम, तुम्ही फळ्यावर लिहिलं होतं,
माझा रंग, माझं शिंग.
ते तर फर्म्यात लिहायचं ना?
फर्म्याला कुठं आहे शिंग?"

रंधा थांबला.
मला उत्तर येत होतं, तरी वेळ लागला.
म्हटलं, "माझं" हा शब्द फर्म्यात नुसता ठेवलेला असतो.
तो कोणाचाच नसतो.
जो बैल तो म्हणेल,
तेवढ्यापुरता त्याचा.

"सगळे बैल मागतात," बाबा पुटपुटले,
"ही पोट्टी फर्म्याचं विचारते."
आणि त्यांनी तो खिळ्यावरून काढला,
आम्हाला लहानपणी हात लावू दिला नव्हता तो,
फुंकर मारली, तिच्या हातात दिला.

लाइट आली होती. शाळेच्या खिडकीत
पंखा दिसत होता फिरताना.
पोट्टे आपापले बैल ओढत निघाले,
रॉकेट परत नालीत.

चेतनानं बैल घेतलाच नाही.
वहीच्या मधल्या पानावर फर्मा ठेवून
हळूहळू पेन्सिल फिरवली,
आणि आत, वशिंडाच्या खाली,
बारीक अक्षरात लिहिलं
माझं.